न्हाणीघर : विकत आणावें कीं बांधावें ?

घर बांधणाऱ्या मनुष्यास दिवाणखाना कसा असावा हें सांगणारे पुष्कळ भेटतात. देवघराचें तोंड कोणत्या दिशेस असावें, यावर तर न मागतांही सल्ला मिळतो. परंतु ज्या चार हात जागेंत घरांतील प्रत्येक माणूस दिवसांतून एकदां तरी अगदीं एकटा असतो, त्या न्हाणीघराविषयीं विचारपूर्वक बोलणारा विरळा. वास्तविक पाहतां घराचें आरोग्य, घरांतील स्त्रियांचे श्रम आणि वृद्धांची अब्रू या तिन्ही गोष्टी त्या चार हात जागेवर जितक्या अवलंबून असतात, तितक्या दिवाणखान्यावर खास नसतात. यंदां आमच्या घरीं या विषयाचा ऊहापोह चांगला दोन महिने चालला. त्यांतून जें हातीं लागलें, तें आमच्याप्रमाणेंच तीन-चार पिढ्या एका छपराखालीं नांदणाऱ्या कुटुंबांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें लिहीत आहों.

आमचें गांव मलकापूर. कोल्हापुराहून रत्नागिरीच्या वाटेनें सुमारें ४५ किलोमीटरांवर, आंबा घाटाच्या अलीकडे. १८४४ सालच्या गडकऱ्यांच्या बंडानंतर विशाळगडकर प्रतिनिधींचें ठाणें गडावरून उतरून येथें आलें, एवढें इतिहासांत आमचें स्थान. रोजच्या व्यवहारांत मात्र गांवाची ओळख इतिहासानें होत नाहीं, पावसानें होते. सह्याद्रीची धार जवळ असल्यामुळें एकदां मृगाची सर आली म्हणजे पुढचे चार महिने भिंती ओल सोडीत नाहींत, कपाटांतील पुस्तकांस बुरशी येते आणि वाळत घातलेलें धोतर दुसऱ्या दिवशींही दमटच असतें. त्यांत आमचें घर जुनें. भिंती जांभ्या दगडाच्या, त्याही मातींत बांधलेल्या, माळा लांकडी. जांभा खाणींतून काढतांना मऊ असतो व वाऱ्याउन्हांत राहून कठीण होतो हें खरें. परंतु तो अंगचाच सच्छिद्र असल्यामुळें मिळेल तेवढें पाणी पिऊन घेतो. अशा घरांत पाण्यासाठीं नवी जागा करावयाची म्हणजे शत्रूस आपण होऊन आंत बोलावण्यासारखें आहे. बोलावणें तर भाग आहे, पण त्यास कोठें बसवावें हें आधीं ठरविलें पाहिजे.

आमची जुनी न्हाणी परसांत. मागच्या दारच्या तीन दगडी पायऱ्या उतरून जावयाचें, दगडाच्या फरशीवर पाट मांडावयाचा, शेजारीं तांब्याचा बंब, आणि सांडपाणी मोरीवाटे अळवाच्या व केळींच्या वाफ्यांत. दिवाळीच्या पहांटे अभ्यंगस्नानाला त्या न्हाणीची सर कोणत्याही संगमरवरी न्हाणीघरास यावयाची नाहीं, असें आम्हांस अजूनही वाटतें. पण गेल्या मार्गशीर्षांत त्या तीन पायऱ्यांपैकीं मधल्या पायरीवरून आमच्या मातोश्रींचा पाय घसरला. त्यांचें वय अठ्याऐंशी. दैव बलवत्तर म्हणून हाड मोडलें नाहीं. धीर मात्र मोडला. त्या दिवसापासून त्यांच्या आंघोळीच्या वेळीं घरांतील एक माणूस पायऱ्यांपाशीं उभें राहूं लागलें, आणि आजवर कोणाच्याही आधारावांचून आपलें सर्व कांहीं करणाऱ्या त्या माउलीच्या तोंडावर जें ओशाळलेपण दिसूं लागलें, तें आम्हांस पाहवेना. माजघराला लागून असलेली कोठीची खोली रिकामी करून तेथें न्हाणीघर करावयाचें, इथपर्यंत सर्वांचें एकमत झालें. मतभेद झाला तो पुढें.

आमचे चिरंजीव पुण्यास असतात. त्यांच्या सदनिकेंत तयार स्नानकक्ष आहे. बाजारांत त्यास शॉवर क्युबिकल म्हणतात. खालीं ॲक्रिलिकचें खोलगट ताट, तिन्ही बाजूंस त्याच जातीच्या गुळगुळीत भिंती, पुढें सरकतें कांचेचें दार आणि डोक्यावर फवारा. कारखान्यांतून सुटे भाग येतात, माणसें येऊन जोडतात, आणि सायंकाळपर्यंत न्हाणीघर तयार. चिरंजीवांनीं चित्रांची पुस्तिका पाठविली व दूरध्वनीवरून सांगितलें, “बाबा, आपल्या जांभ्याच्या भिंतींना पाण्याचा थेंब लागणार नाहीं. तोडफोड नाहीं, धूळ नाहीं, आणि आजीला दुसऱ्या दिवसापासून वापरतां येईल.”

आमचे धाकटे बंधु याच्या उलट. “दादा, खोकें आणून ठेवल्यानें न्हाणीघर होत नाहीं,” हें त्यांचें म्हणणें. “गवंडी आपल्या गांवांत आहे. आज बसविलेली फरशी वीस वर्षांनीं फुटली तर तो नाहीं तर त्याचा मुलगा येऊन बदलील. त्या पेटीचें एखादें चाक मोडलें तर कोणत्या गांवास जाणार ?”

दोन्ही बाजूंचें म्हणणें ऐकतांना आमच्या लक्षांत आलें कीं, वाद फरशी आणि कांच यांचा मुळीं नाहींच. वाद आहे तो पाणी कोणी अडवावयाचें याचा. आणि हा प्रश्न फार जुना आहे.

मोहेंजोदडो येथें १९२५-२६ च्या सुमारास जें मोठें स्नानकुंड उकरून काढण्यांत आलें, तें सुमारें १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद व २.४ मीटर खोल आहे. तें स्थळ हल्लीं पाकिस्तानांतील सिंध प्रांतांत येतें. त्या कुंडाच्या विटा अगदीं सांध्यास सांधा लावून जिप्समच्या लेपांत बसविल्या आहेत. पण खरी खुबी विटांत नाहीं. विटांच्या मागें सुमारें एक इंच जाडीचा डांबराचा थर दिलेला आहे. म्हणजे डोळ्यांना दिसते ती वीट, आणि पाणी अडवितें तें विटेमागचें न दिसणारें डांबर. त्याच नगरांतील पुष्कळ घरांतून स्नानाची वेगळी जागा, तिला उतार, आणि तेथून रस्त्याच्या झांकलेल्या गटारापर्यंत जाणारी मोरी आढळते. साडेचार हजार वर्षांपूर्वींच्या त्या गृहस्थांस जें कळलें होतें, तें आजच्या पुष्कळ कंत्राटदारांस सांगावें लागतें : पाणी विटेनें अडत नाहीं, विटेखालच्या लेपानें अडतें. आपल्याकडे वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत ‘वज्रलेप’ या विषयावर एक स्वतंत्र अध्यायच आहे. देवालयें, वाडे, मूर्ति, भिंती आणि विहिरी यांस लावावयाच्या चिवट लेपांच्या कृति त्यांत सांगितल्या आहेत. लेपाचें महत्त्व आमच्या पूर्वजांस ठाऊक होतें, एवढेंच यावरून म्हणावयाचें.

तयार न्हाणीघराची कुळकथाही अगदींच कालची नव्हे. अमेरिकेंतील बकमिन्स्टर फुलर या कल्पक गृहस्थानें धातूच्या पत्र्याच्या चार मोठ्या तुकड्यांचें न्हाणीघर तयार करून १९४० सालीं त्याचें पेटंट मिळविलें. तें घाऊक प्रमाणावर कधीं निघालें नाहीं. परंतु १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकसाठीं न्यू ओटानी हॉटेल बांधतांना हजारांहून अधिक खोल्यांचीं न्हाणीघरें टोटो या कारखान्यानें तयार करून दिलीं. खेळांची तारीख ठरलेली, आणि एकेक फरशी लावीत बसण्यास गवंड्यांजवळ वेळ नव्हता. तेव्हांपासून जपानांत तयार न्हाणीघर ही घरोघरची वस्तु झाली. तेव्हां या वस्तूस खोकें म्हणून हिणविणें बरें नव्हे. ज्या देशांत स्नानाचा सोहळा आपल्याइतकाच मानतात, त्या देशानें ती पत्करली आहे.

तिचा मोठा गुण असा कीं, पाणी अडविण्याचें काम तींत एका अखंड ताटावर सोंपविलेलें असतें. ताटास सांधा नाहीं, म्हणून गळती नाहीं. फरशीचें तसें नाहीं. भाजलेली टाइल स्वतः पाणी पीत नाहीं. पण दोन टाइलांमधला सिमेंटचा सांधा पितो. सांध्यांतून झिरपलेलें पाणी खालच्या कोब्यांत मुरतें, तेथून भिंतींत चढतें, आणि घरमालकास तें कळतें तेव्हां पलीकडच्या खोलींतील रंगाचे पापुद्रे सुटलेले असतात. आमच्या माळ्यावर बारा वर्षांपूर्वीं एका कारागिरानें फरशीची मोरी बांधून दिली होती. फरशी दिसावयास इतकी सुबक कीं पाहुणे मुद्दाम वर जाऊन पाहत. खालीं लेप मात्र नांवाला होता. सहाव्या पावसाळ्यांत मोरीखालची सागवानी तुळई बोटानें कुरतडतां येऊं लागली. चिरंजीव तयार कक्षाचा आग्रह धरीत होते त्याच्या मुळाशीं ही तुळई होती, आणि तो आग्रह अनाठायीं नव्हता.

आतां फवाऱ्याविषयीं दोन शब्द. तयार कक्षाची सर्व मांडणी उभ्यानें स्नान करणाऱ्यासाठीं असते. पाणी वरून पडावें, माणसानें खालीं उभें राहावें. तरुणांस तें सोयीचें. पण वाग्भटानें अष्टांगहृदयांत एक सूक्ष्म भेद केला आहे : ऊन पाणी कमरेखालच्या अंगावर घेतलें तर बळ येतें, तेंच मस्तकावर घेतलें तर केंसांस व डोळ्यांस अपाय होतो. आमच्याकडे पाटावर बसून, तांब्यानें खांद्यावरून पाणी घेण्याची जी रीत आहे, तिचा या वचनाशीं मेळ बसतो. शिवाय पाण्याचा हिशेब पाहावा. साधा फवारा मिनिटास सुमारें दहा लिटर पाणी सोडतो. सहा मिनिटें उभें राहिलें कीं साठ लिटर गेलें. मातोश्रींची आंघोळ पंधरा लिटरांच्या दोन बादल्यांत होते, आणि त्यांतील शेवटचा तांब्या त्या तुळशीसाठीं राखून ठेवतात. आमच्या गांवास पाऊस उदंड. पण वैशाखांत नळास पाणी बेताचेंच येतें, हें येथें राहणाऱ्यांस सांगावयास नको.

चर्चा अशी महिनाभर चालली. ज्यांच्यासाठीं चालली होती, त्यांना मात्र कोणीं विचारलें नव्हतें. एके दिवशीं आमच्या सूनबाईंनीं ती चित्रांची पुस्तिका मातोश्रींपुढें ठेवली. चष्मा लावून त्यांनीं पानें उलटलीं, आणि म्हणाल्या, “कांचेच्या कपाटांत बसून आंघोळ करायची ? मी काय बरणींतलें लोणचें आहें ?” सर्वजण हंसले. मग पुस्तिका मिटून त्या आमच्याकडे वळल्या. “अरे, पेटी आणा नाहीं तर फरशी बसवा, मला त्यांतलें कांहीं कळत नाहीं. दोनच गोष्टी करा. मला उंबरठा ओलांडायला लावूं नका, आणि दाराला कडी आंतून असूं दे.”

पस्तीस वर्षें मुलांस संस्कृत शिकविण्यांत गेलीं. सूत्र म्हणजे काय हें वर्गांत अनेकदां समजाविलें. थोडे शब्द, संदेह नाहीं, आणि सगळें सार आंत. मातोश्रींचीं हीं दोन वाक्यें म्हणजे आमच्या न्हाणीघराचीं दोन सूत्रें ठरलीं. पुढचें सारें भाष्य.

पहिलें सूत्र उंबरठ्याचें. तयार कक्षाच्या ताटास जमिनीपासून उंच असा कांठ असतो. कांहींस तर चांगला अर्धा फूट. तो शोभेसाठीं नसतो. न्हाणीच्या तोंडाशीं जो वांकडा नळ बसवितात, ज्यांत दोन इंच पाणी कायम साठून राहतें व गटाराची घाण वर येऊं देत नाहीं, त्याला जागा लागते. जमीन न फोडतां कक्ष बसवावयाचा म्हणजे तो नळ जमिनीवरच राहणार, आणि ताट त्याच्यावर. म्हणून कांठ उंच. नळ जमिनींत गाडला तर कांठ नाहींसा होतो. पण मग जमीन फोडावी लागते, आणि तोडफोड नाहीं हा जो त्या कक्षाचा मुख्य लाभ, तोच जातो. तरुण माणूस अर्धा फूट सहज ओलांडतो. वृद्ध माणूस एका पायावर तोल सांवरतांना, तोही ओल्या पायानें, पडतो. आणि नेमका तेथेंच पडतो.

आम्हीं आणखी एक प्रयोग केला. कोठीच्या जमिनीवर खडूनें तीन फूट लांब व तीन फूट रुंद असा चौकोन काढला. पुस्तिकेंतील मध्यम कक्ष एवढाच होता. मध्यें सव्वा फुटाचें स्टूल ठेवून मातोश्रींस बसविलें, आणि आमच्या सौभाग्यवतींस सांगितलें, “आतां यांची पाठ चोळावयास ये.” चौकोनाच्या आंत त्यांना उभेंच राहतां येईना. बाहेरून, दोन फुटांच्या दारांतून हात घालावा तर वांकावें लागे, आणि साठीच्या त्यांच्या गुडघ्यांस तें सोसणारें नव्हतें. आज मातोश्री एकट्या आंघोळ करतात. उद्यां त्यांना दुसऱ्याचा हात लागेल, हें कोणी बोलत नसलें तरी सर्वांना दिसत होतें. न्हाणाऱ्यासाठीं कक्ष पुरेसा होता; न्हाऊं घालणाऱ्यास त्यांत जागा नव्हती. पुस्तिकेंतील एकाही चित्रांत दुसरें माणूस नाहीं, ही गोष्ट तेव्हां प्रथम आमच्या ध्यानांत आली. जेथें प्रत्येकजण आपला आपण राहतो, तेथें तें ठीक. जेथें नातवंडाला न्हाऊं घालावयाचें, बाळंतिणीला शेक द्यावयाचा आणि म्हाताऱ्या माणसाची पाठ चोळावयाची, तेथें न्हाणीघर दोघांचें असलें पाहिजे.

त्या खडूच्या चौकोनानें खालच्या मजल्याचा निकाल लागला. चिरंजीव सणासाठीं आले होते. त्यांनींही तो पाहिला व मान्य केलें. मात्र त्यांनीं एक अट घातली : फरशीखालचा लेप स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिल्यावांचून एकही टाइल लावूं द्यावयाची नाहीं. ही अट आमच्या मतें सोन्याच्या मोलाची होती, आणि वाचकांनींही ती अवश्य घालावी.

काम कसें झालें तें थोडक्यांत सांगतों. जमीन दीड फूट खणून नळ खालीं गाडला. त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्याला मोरीकडे दर चार फुटांस पाऊण इंच उतार. याहून उतार कमी ठेवला तर पाणी तुंबतें, फार वाढविला तर म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो. जमीन व भिंत जेथें मिळतात तो कोपरा काटकोनांत न ठेवतां गोलाई देऊन भरला. कारण लेप चिरतो तो बहुधा कोपऱ्यांत. मग रबरासारखा ताणणारा लेप दोन हातांनीं, एक आडवा व एक उभा, जमिनीवर आणि भिंतीवर छातीपर्यंत दिला. लेप वाळल्यावर मोरीचें तोंड बंद करून दोन इंच पाणी भरलें व पातळीची खूण पेन्सिलीनें भिंतीवर केली. अठ्ठेचाळीस तास ती खूण आम्ही सकाळ-संध्याकाळ पाहत होतों. उत्तरपत्रिका तपासतांनासुद्धां इतकी उत्कंठा कधीं वाटली नसेल. वाफ होऊन उडेल तेवढें सोडून पातळी हलली नाहीं, तेव्हां टाइल लावण्यास परवानगी दिली.

जमिनीच्या टाइला लहान आणि खरबरीत घेतल्या. मोठ्या गुळगुळीत टाइला स्वच्छ करण्यास सोप्या हें खरें, पण पायास पकड मिळते ती खरबरीत पृष्ठभागामुळें व जवळजवळ असलेल्या सांध्यांमुळें. बसण्यासाठीं भिंतीलगत कडाप्पाचा दीड फूट उंचीचा ओटा केला. पाटावरून उठतांना जो गुडघ्यांवर भार येतो तो ओट्यावरून उठतांना येत नाहीं. धरण्यासाठीं पोलादी दांडा बसविला. तेथें आमच्या गवंड्यानें एक शहाणपण दाखविलें. जांभ्यांत स्क्रू धरीत नाहीं, हें जाणून त्यानें दांड्याच्या दोन्ही टोकांच्या जागीं जांभा कोरून काढला व तेथें कॉंक्रीटचे ठोकळे आधींच बसविले. दांडा त्यांत रुतला. माणूस घसरतो तेव्हां सगळा भार त्या दांड्यावर टाकतो. कक्षाच्या पातळ भिंतींस असा भार झेपत नाहीं. त्यांवरील शोभेचे दांडे पंचा टाकण्यापुरतेच समजावेत.

एकोणीस दिवस लागले. तेवढे दिवस माजघरांत सिमेंटची धूळ, स्वयंपाकघरांत गवंड्यांचा चहा, आणि कोठींतील डबे देवघरांत. पत्नी एकदां वैतागून म्हणाल्या, “तें खोकें एका दिवसांत झालें असतें.” त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. बांधकामाचा खर्च आणि कक्षाची किंमत यांत आमच्या हिशेबीं फारसा फरक पडला नाहीं; फरक पडला तो कष्टांत, आणि ते कष्ट बहुतेक घरांतील स्त्रियांच्या वांट्यास आले. हें येथें नमूद करणें न्यायाचें आहे.

दुसरें सूत्र कडीचें. त्याचें भाष्य पहिल्याहून कठीण होतें. डॉक्टरांचा सल्ला असा कीं, इतक्या वयाच्या माणसानें दार आंतून लावूं नये. आंत चक्कर आली तर दार फोडीपर्यंत वेळ जातो. सल्ला बिनतोड होता. पण मातोश्रींचें मागणेंही कांहीं हट्ट नव्हता. ज्या स्त्रीनें सत्तर वर्षें भरल्या घरांत घालविलीं, जिला स्वतःची अशी खोली कधीं मिळाली नाहीं, तिच्या वांट्यास दिवसांतील एकांत आला तो न्हाणीच्या दाराआडचा. ती कडी काढून घेणें म्हणजे तुम्ही आतां लहान मूल झालां, असें तिला सांगणें होय. धाकट्या बंधूंनीं कोल्हापुरास जाऊन एक कडी शोधून आणली. ती आंतून लागते, आणि अडचणीच्या वेळीं बाहेरून नाणें घालून फिरविली कीं उघडते. दारही आंत न उघडतां बाहेर उघडेल असें बसविलें. कारण आंत पडलेलें माणूस दारालाच अडून राहिलें तर आंत उघडणारें दार उघडतच नाहीं. ही सुधारणा फरशीच्या न्हाणीघरास जितकी लागू, तितकीच कोणत्याही न्हाणीघरास लागू आहे, आणि तीस खर्च जवळजवळ नाहीं. मातोश्रींस नाण्याची युक्ति सांगावी कीं न सांगावी, यावर घरांत दोन मतें झालीं. आम्हीं सांगितलें. त्या क्षणभर विचार करून म्हणाल्या, “नाणें तुमच्याकडे राहूं दे. कडी माझ्याकडे आहे ना, मग झालें.”

आतां माळ्याची हकीकत. पुतण्याचा संसार वर आहे, आणि कुजलेली तुळई बदलल्यावर तेथेंही न्हाणीघर हवें होतें. येथें मात्र हिशेब उलटला. चार फूट लांब, तीन फूट रुंद व चार इंच जाडीचा कोबा म्हटला तरी त्याचें वजन दोनशें किलोंच्या वर जातें. त्यावर टाइला, भिंतींचा गिलावा आणि पाणी वेगळेंच. जुन्या लांकडी माळ्यावर एवढा भार टाकणें, आणि लांकूड उन्हाळ्यापावसाळ्यांत हलतें म्हणून कोब्यास तडा जाण्याची वाट पाहणें, हें शहाणपणाचें नव्हे. तेथें तयार कक्षच योग्य ठरला. दोघांनीं त्याचे भाग जिन्यावरून वर नेले, दुपारपर्यंत जोडले, आणि सांडपाण्याचा नळ बाहेरच्या भिंतीवरून उतरविला. पुतण्या व त्याची पत्नी तरुण आहेत. अर्ध्या फुटाचा कांठ त्यांस जाणवतही नाहीं. कांचेच्या दाराविषयीं मात्र आम्हीं त्यांस एक सूचना दिली : ती कांच तापवून एकदम थंड केलेली, म्हणजे कणखर केलेली, असल्याची खूण पाहून घ्यावी. अशी कांच फुटली तर तिचे बोथट बारीक कण होतात, सुरीसारखे तुकडे होत नाहींत. पण ती एकदां तयार झाल्यावर कापतां किंवा भोंक पाडतां येत नाहीं, म्हणून जागेचें माप आधींच काटेकोर घ्यावें लागतें. आणि जुन्या घरांच्या भिंती ओळंब्यांत असतील हें गृहीत धरूं नये.

अशा रीतीनें चिरंजीव माळ्यावर जिंकले, आणि बंधु माजघरांत. पावसाळा आतां सरत आला आहे. कोठीच्या पलीकडची भिंत आम्ही दर आठवड्यास हात लावून पाहतों. ती कोरडी आहे. वरच्या कक्षांत खिडकी लहान असल्यामुळें वाफ कोंडते व कोपऱ्यांत काळसर डाग धरूं लागले होते. आंघोळ झाल्यावर दार उघडें ठेवण्याचा नियम केल्यापासून ते थांबले. जुन्या न्हाणीची मोरी जशी अळवाच्या वाफ्यांत जात असे, तशीच नवीही वळविली आहे.

आम्हांस वाटतें, या साऱ्यांतून निघणारा बोध थोडक्यांत असा आहे. न्हाणीघर निवडतांना वस्तूचा चांगुलपणा प्रथम पाहूं नये. जागा जमिनीवर आहे कीं माळ्यावर, भिंत कशाची आहे, बिघडल्यास दुरुस्त करणारा हाकेच्या अंतरावर आहे कीं नाहीं, आणि पाणी अडविणारा लेप प्रत्यक्ष पाहतां येतो कीं नाहीं, हें विचारावें. पण या सर्वांच्या आधीं विचारावयाचा प्रश्न एकच : तेथें न्हाणार कोण, आणि न्हाऊं घालणार कोण ? धातुपाठांत ‘स्ना’ या धातूचा अर्थ शुद्धि असा सांगितला आहे, आणि गुरुगृहीं अध्ययन संपवून विधिपूर्वक स्नान करणाऱ्यास ‘स्नातक’ म्हणत. त्या काळीं स्नान ही एका आश्रमांतून दुसऱ्या आश्रमांत जाण्याची वेळ होती. आपल्या घरांतून आज तो विधि राहिलेला नाहीं. परंतु वार्धक्य हाही एक आश्रमच आहे, आणि त्यांत प्रवेश करणाऱ्या माणसाला आपली शुद्धि आपल्या हातानें व आपल्या मर्जीनें करतां यावी, एवढी सोय करणें त्याच्या मुलांस अशक्य नसतें. घरांतील वृद्धांना न विचारतां त्यांच्यासाठीं केलेली सोय ही पुष्कळदां आपल्याच समाधानाची सोय असते. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असें काम निघणार असेल, त्यांनीं पुस्तिका मागविण्यापूर्वीं खडूचा एक तुकडा घ्यावा, जमिनीवर चौकोन काढावा, आणि ज्यांच्यासाठीं तें न्हाणीघर आहे त्यांना त्यांत बसवून पाहावें. खडूस दोन रुपयेही पडत नाहींत, आणि तो खोटें बोलत नाहीं.